सोयाबीनचा पैसा ठेवायचा कुठे?

वाशिम जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाच्या हातात मोठी रक्कम वर्षातून दोन-तीन वेळाच येते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजार समितीत उतरते, तूर जानेवारीनंतर आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. खर्च मात्र बारमाही असतो आणि त्यातला सर्वांत जड, म्हणजे बियाणे-खत-पेरणीचा, जूनच्या तोंडावर एकदम अंगावर येतो. पगारदाराची बचत महिन्याला थोडी थोडी साठते. इथे ती एकरकमी येते आणि सात-आठ महिन्यांनी एकरकमीच लागते. त्यामुळे शिल्लक कुठे ठेवावी या प्रश्नाचे पुण्या-मुंबईत दिले जाणारे उत्तर कारंजा, रिसोड किंवा मानोऱ्यात जसेच्या तसे चालत नाही.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख, त्यातली बहुतेक खेड्यांत. पैसे ठेवायला जागा मात्र कमी नाहीत. स्टेट बँकेसह सरकारी बँका आहेत. जिल्हा वेगळा झाला तरी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक अकोल्याचीच राहिली आणि ती दोन्ही जिल्ह्यांत काम करते. पूर्वीची विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. वाशिम अर्बनसारखी नागरी सहकारी बँक आहे, गावोगाव पोस्ट आहे. त्यापलीकडे पतसंस्था, मल्टिस्टेट सोसायट्या, भिशी आणि बाजारातला अडत्या. या प्रत्येक ठिकाणी वेगळा दर मिळतो, आणि साधारणपणे यादीत जितके खाली जावे तितका तो वाढत जातो. का वाढतो, हे समजले की निम्मा निर्णय होतो.

सुरुवात बचत खात्यापासून करावी, कारण जिल्ह्यातला सर्वाधिक पैसा न विचारता तिथेच पडून राहतो. रिझर्व्ह बँकेने २५ ऑक्टोबर २०११ रोजी बचत खात्यावरचा व्याजदर ठरवण्याची मुभा बँकांना दिली. त्याआधी तो सगळीकडे सारखा, ४ टक्के होता. मुभेनंतर स्पर्धा होऊन दर वाढतील अशी अपेक्षा होती. काही लहान खासगी बँकांनी ते वाढवले, मोठ्या बँकांनी काही वर्षांनी खालीच आणले. स्टेट बँकेचा बचत खात्याचा दर १५ जून २०२५ पासून २.५ टक्के आहे. लाखभर रुपये वर्षभर खात्यात राहिले तर अडीच हजार मिळतात. रिझर्व्ह बँक महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे लक्ष्य बाळगते. ते लक्ष्य तंतोतंत साधले तरी बचत खात्यातला पैसा दर वर्षी थोडा झिजतो.

पोस्टातले बचत खाते आजही ४ टक्के देते आणि त्यातून पैसे केव्हाही काढता येतात. नुसत्या दराच्या हिशेबात ते मोठ्या बँकांच्या बचत खात्याला मागे टाकते, तरीही त्याकडे जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांचे लक्ष जाते. एक बारकावा मात्र सांभाळावा लागतो. बँक रोजच्या शिल्लकीवर व्याज मोजते, तर पोस्टात महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरली जाते. बारा तारखेला भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज नाही. म्हणून भरणा दहा तारखेच्या आत आणि उचल शक्यतो पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला करावी.

मुदत ठेवीत चित्र बदलते. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा तिचा दर, ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणला आणि बँकांनी ठेवींचे दर त्यामागोमाग उतरवले. मोठ्या सरकारी बँकांत वर्षभराच्या ठेवीला वर्षअखेरीस साधारण सव्वासहा टक्के मिळत होते, ज्येष्ठ नागरिकांना त्यावर अर्धा टक्का जास्त. पोस्टाच्या योजनांचे दर केंद्र सरकार दर तिमाहीला जाहीर करते आणि ते जानेवारी २०२४ पासून २०२५ अखेरपर्यंत हललेच नाहीत: एक वर्षाच्या ठेवीला ६.९ टक्के, दोन वर्षांना ७, तीनला ७.१, पाचला ७.५, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राला ७.७. बँकांचे दर खाली आले, पोस्टाचे जागेवर राहिले, त्यामुळे या काळात पोस्ट उजवे ठरले. नेहमीच असे असते असे नाही. रेपो चढत असताना बँका लवकर दर वाढवतात आणि पोस्ट मागे पडते.

फलकावर लिहिलेला दर आणि हातात येणारी रक्कम यांतही फरक असतो. बँकेत ठेवीवरचे व्याज तिमाहीला मुद्दलात मिळत जाते, म्हणून ७ टक्के दराची ठेव वर्षअखेरीस प्रत्यक्षात ७.१९ टक्के देते. पोस्टाच्या पाच वर्षांच्या ठेवीत दहा हजारांवर दर वर्षी ७७१ रुपये मिळतात, पण ते खात्यात जमा होऊन पडून राहिले तर त्यांवर आणखी व्याज चढत नाही. बचत प्रमाणपत्रात व्याज दर वर्षी मुद्दलात मिळते आणि दहा हजारांचे पाच वर्षांनी १४,४९० होतात. एखादी संस्था ‘दहा वर्षांत अडीचपट’ अशी जाहिरात करते तेव्हा तिला वार्षिक चक्रवाढ दर विचारावा. तो साडेनऊ टक्क्यांच्या आसपास निघतो, आणि आकडा तितका डोळे दिपवणारा राहत नाही.

जास्त दर येतो कुठून?

ठेवीवरचे व्याज शेवटी कर्जदाराच्या खिशातून येते. संस्थेला ठेवीदाराला ११ टक्के द्यायचे असतील तर कर्मचारी, भाडे आणि बुडीत कर्जे धरून तिला १४-१५ टक्क्यांनी कर्ज द्यावे लागते. सरकारी बँकेत ९-१० टक्क्यांनी कर्ज मिळत असताना १५ टक्क्यांनी घेणारा कोण असतो? ज्याला बँकेने नकार दिला तो, किंवा ज्याला कागदपत्रांशिवाय, लवकर, ओळखीवर कर्ज हवे आहे तो. त्यातले अनेक जण प्रामाणिकपणे फेडतात. पण दुष्काळी वर्ष आले, किंवा सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली घसरला, की त्या गावातले सगळे कर्जदार एकदम थकतात. एकाच पिकावर चालणाऱ्या जिल्ह्यातल्या लहान संस्थेची खरी अडचण ही आहे. तिचे ठेवीदार आणि कर्जदार एकाच पावसावर अवलंबून असतात. ठेवीदाराला पैसे काढायची गरज पडते त्याच वर्षी कर्जदाराकडून वसुली होत नाही. देशभर शाखा असलेल्या बँकेला वाशिममधला पाऊस एवढा लागत नाही.

म्हणून जास्त दर ही त्या जोखमीची किंमत असते. ती घ्यायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण ती जोखीम आहे हे जाणून ठरवावे.

या भागाला बँक बुडण्याचा अनुभव नवा नाही. १९६० मध्ये देशात दोन बँका बुडाल्या आणि त्यांनी दिल्लीपर्यंत खळबळ उडवली: केरळमधली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. या दोन घटनांनंतर संसदेने १९६१ मध्ये ठेव विम्याचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ सुरू झाले. आज बँकेच्या भिंतीवर दिसणाऱ्या ठेव विम्याच्या छोट्या फलकाच्या मुळाशी अकोल्यातली एक बँक आहे, ही गोष्ट वऱ्हाडातसुद्धा क्वचितच कोणाच्या लक्षात असते. सुरुवातीला विमा दीड हजार रुपयांपुरता होता. १९९३ मध्ये तो एक लाख झाला आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. १९६८ च्या कायदादुरुस्तीने सहकारी बँकांसाठीही त्याचे दार उघडले.

विम्याचे नियम नीट समजून घेतले तर बराच घोर कमी होतो. पाच लाखांची मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदाराला आहे. त्याच बँकेच्या वाशिम आणि मंगरूळपीर शाखांत पैसे विभागून उपयोग नाही, सगळ्या शाखांची बेरीज होते. दोन वेगळ्या बँकांत ठेवले तर दोन्हीकडे स्वतंत्र पाच लाख. पतीच्या एकट्याच्या नावाची ठेव आणि पती-पत्नीची संयुक्त ठेव या वेगळ्या धरल्या जातात. मर्यादेत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात, त्यामुळे बरोबर पाच लाख ठेवणारा वरच्या व्याजाला मुकू शकतो. ८ टक्के दराने वर्षभरासाठी ४ लाख ६० हजार ठेवले तर अखेरीस रक्कम ४ लाख ९८ हजारांच्या आत राहते आणि पूर्ण विमाछत्राखाली येते. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही करावे लागत नाही.

तरी विमा म्हणजे दुसऱ्या दिवशी पैसे असे नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने शेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या दोन बँकांवर निर्बंध घातले. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेतून ठेवीदाराला पाच हजार रुपये काढता येत होते, बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर अर्बनमधून दहा हजार. यवतमाळच्या बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, मलकापूरचा जुलै २०२३ मध्ये. दोन्हीकडच्या बहुसंख्य ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्याच्या मर्यादेत बसत होती. २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे. पूर्वी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या मानाने हे फार सुधारले. पण पेरणी ९० दिवस थांबत नाही. मर्यादेवरच्या रकमेचे तर आणखी वेगळे. मुंबईच्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. तिच्या मोठ्या ठेवीदारांना पाच लाखांवरची रक्कम टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत देण्याचे ठरले.

जिल्हा बँकांबाबतही वऱ्हाड-नागपूरचा अनुभव संमिश्र आहे. बुलढाणा, वर्धा आणि नागपूर या तिन्ही जिल्हा मध्यवर्ती बँका २०१२ च्या सुमारास बँकिंग परवान्याच्या अटी पूर्ण करू शकल्या नाहीत आणि त्यांचे ठेवीदार पुढची काही वर्षे स्वतःच्याच पैशासाठी खेटे घालत राहिले. अकोल्याच्या बँकेवर तशी वेळ आली नाही. एकाच कायद्याखाली, एकाच प्रकारच्या पिकांवर चालणाऱ्या शेजारच्या बँकांची अवस्था इतकी वेगळी असू शकते, म्हणून ‘सहकारी म्हणजे धोक्याची’ किंवा ‘सहकारी म्हणजे आपली’ ही दोन्ही सरसकट वाक्ये निरुपयोगी आहेत. बँकेचा वार्षिक अहवाल शाखेत मागता येतो. त्यात निव्वळ अनुत्पादक कर्जाचे प्रमाण, म्हणजे निव्वळ एनपीए, तेवढे पाहावे. ते वर्षागणिक वाढत असेल तर अर्ध्या टक्क्याच्या जादा व्याजाचा मोह सोडलेला बरा.

पतसंस्था बँक नव्हे

इथे सर्वाधिक गैरसमज आहे. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. अनेक राज्यांत काम करणारी मल्टिस्टेट सोसायटी २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली असते. दोन्हींना रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि दोन्हींतल्या ठेवींना पाच लाखांचा ठेव विमा लागू नाही. काचेचे दार, टोकन यंत्र, गणवेशातले कर्मचारी आणि नावात ‘अर्बन’ असले तरी हे बदलत नाही. सोसायटी बंद पडली तर ठेवीदाराच्या वाट्याला येतो अवसायक, संचालकांच्या मालमत्तांचा लिलाव, आणि ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याखालचे खटले. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट २०१५ च्या सुमारास कोसळली आणि बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट २०२३ मध्ये. दोन्ही प्रकरणांत ठेवीदारांना न्यायालये आणि पोलीस ठाण्यांच्या वाऱ्या कराव्या लागल्या.

याचा अर्थ पतसंस्था टाळाव्यात असा नाही. १९८६ मध्ये सुरू झालेली बुलडाणा अर्बन ही शेजारची सोसायटी देशातल्या मोठ्या पतसंस्थांत गणली जाते, आणि वाशिम जिल्ह्यातल्या कित्येक छोट्या दुकानदारांना पहिले कर्ज कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेनेच दिले. बँक ज्याला दारात उभे करत नाही त्याला त्या उभे करतात. मुद्दा प्रमाणाचा आहे. जी रक्कम दोन वर्षे अडकली तरी घर चालेल, तेवढीच विमा नसलेल्या संस्थेत असावी. मुलीच्या लग्नाचा, दवाखान्याचा किंवा पेरणीचा पैसा तिथे ठेवू नये, मग संचालक कितीही जवळचे असोत. जवळचे असतील तर पैसे परत मागणे जास्तच जड जाते.

पिग्मीचेही तसेच. रोज सायंकाळी दुकानावर येऊन पन्नास-शंभर रुपये घेऊन जाणारा एजंट ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने दोन आण्यांपासून सुरू केली, आणि बचतीची सवय लावायला तिच्यासारखे साधन नाही. पण एजंटाचे कमिशन त्यातूनच निघते, म्हणून व्याज नेहमी कमी आणि वर्षाच्या आत मोडली तर बहुधा शून्य. सवय लागली की दर तीन-चार महिन्यांनी ती रक्कम मुदत ठेवीत वळवावी. रोजची पावती घेणे किंवा मोबाइलवर संदेश आला का ते पाहणे, हे मात्र एकही दिवस चुकवू नये.

अडत्याकडे पैसे ठेवण्याची रीत बाजारपेठांत जुनी आहे. माल विकला, थोडी रक्कम नेली, बाकी ‘राहू द्या तुमच्याकडे, पेरणीला घेतो.’ कधी त्यावर महिन्याला शेकडा एक, म्हणजे वर्षाला १२ टक्के ठरतात, कधी नुसताच विश्वास असतो. हा व्यवहार वहीतल्या एका ओळीवर उभा असतो. त्याला विमा नाही, नोंदणी नाही आणि व्यापारी अडचणीत आला तर शेतकऱ्याची पाळी सर्वांत शेवटी लागते. माल विकल्यावर त्याची पूर्ण रक्कम मिळण्याचा शेतकऱ्याचा हक्क बाजार समितीच्या नियमांत आहे. एकदा ती रक्कम स्वतःच राजीखुशीने मागे ठेवली की ती मालाची किंमत राहत नाही, हातउसने होते. ओळखीच्या भिशीलाही हेच लागू. घरातल्या भांड्यांपुरती ती ठीक, वर्षाच्या कमाईसाठी नव्हे.

मुदत आधी, दर नंतर

आता पेरणीच्या पैशाकडे. समजा, दिवाळीनंतर एका कुटुंबाकडे तीन लाख रुपये शिल्लक आहेत आणि त्यातले एक लाख वीस हजार जूनमध्ये लागणार आहेत. पोस्टाचा ६.९ टक्के दर चांगला, पण पोस्टाची सर्वांत छोटी मुदत ठेव एक वर्षाची असते. ती सहा महिन्यांच्या आत मोडता येत नाही आणि सहा ते बारा महिन्यांत मोडली तर फक्त बचत खात्याचा ४ टक्के दर मिळतो. म्हणजे पेरणीचा पैसा पोस्टाच्या मुदत ठेवीत टाकणे आणि पोस्टाच्या बचत खात्यात ठेवणे यांत व्याजाच्या दृष्टीने काही फरक उरत नाही, उलट पहिले सहा महिने हात बांधले जातात. बँकेत सात दिवसांपासून दहा वर्षांपर्यंत हव्या त्या दिवसांची पावती करता येते. २१० दिवसांची, म्हणजे सात महिन्यांची पावती मोठ्या सरकारी बँकेत २०२५ अखेरीस सहा टक्क्यांच्या थोड्या आत बसत होती.

हिशेब असा. सव्वा लाखाच्या आतली ही रक्कम सात महिने बँकेच्या बचत खात्यात राहिली तर १,७५० रुपये मिळतात, पोस्टाच्या बचत खात्यात २,८००, बँकेच्या मुदत ठेवीत सुमारे चार हजार, आणि ९ टक्के देणाऱ्या पतसंस्थेत ६,३००. बँकेच्या पावतीत आणि पतसंस्थेत फरक सव्वादोन हजारांचा. तेवढ्यात सोयाबीन बियाण्याची एक पिशवी जेमतेम येईल. त्यासाठी सगळी पेरणी पणाला लावणे हा सौदा नुकसानीचा आहे. बचत खाते सोडून मुदत ठेवीत जाण्याचा फायदाही तेवढाच, सव्वादोन हजारांचा, आणि त्यात काहीच पणाला लागत नाही. बहुतेकांनी मिळवायचा राहून गेलेला पैसा हा आहे.

उरलेल्या एक लाख ऐंशी हजारांत तीसएक हजार घरखर्चासाठी पोस्टाच्या किंवा बँकेच्या बचत खात्यात असावेत. बाकी दीड लाखाची एकच पावती करण्यापेक्षा पन्नास-पन्नास हजारांच्या तीन कराव्यात, एक वर्षाची, दोन वर्षांची आणि तीन वर्षांची. मध्येच गरज पडली तर एकच मोडावी लागते, आणि दर चढले तर दर वर्षी एक पावती नव्या दराने करता येते. ठेव मोडण्याचा दंडही माहीत असावा. स्टेट बँक पाच लाखांपर्यंतच्या ठेवीवर अर्धा टक्का कापते आणि व्याजही जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीच्या दराने देते. काही आठवड्यांचीच नड असेल तर मोडण्याऐवजी पावतीवर कर्ज घेणे स्वस्त पडते. स्टेट बँकेसारख्या बँका ते ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त दराने देतात. पावती आपोआप नूतनीकरणाला लावली आहे की नाही, हेही करतानाच विचारावे. नाहीतर जूनमध्ये पैसे काढायला गेल्यावर ती आणखी सात महिन्यांसाठी बांधली गेलेली आढळते.

ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने ठेवीच्या दराआधी कर्जाचा दर पाहावा. सावकाराचे महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ते फेडण्याइतके व्याज कुठलीही ठेव देत नाही. सोनेतारणाचेही बहुधा ठेवीपेक्षा जास्त असते. पीककर्जाचे गणित मात्र उलटे आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडते. असे कर्ज मुदतीच्या चार महिने आधी फेडून काही मिळत नाही. तोवर ती रक्कम ठेवीत राहू द्यावी. मात्र मुदत एक दिवसही चुकवू नये, कारण चुकली की सवलत जाते आणि वर्षभराचे व्याज एकदम लागते. ठेवीची तारीख कर्जाच्या तारखेच्या आठवडाभर आधीची ठेवणे एवढाच उपाय.

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये जिल्ह्यातल्या असंख्य महिलांच्या खात्यांत येऊ लागले. खर्च होत नसतील तेव्हा ते तिथेच अडीच टक्क्यांवर पडून राहतात. पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव ६.७ टक्के देते. दरमहा १,५०० भरले तर एकूण ९० हजारांचे पाच वर्षांनी सुमारे एक लाख सात हजार होतात. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, आणि बारा हप्त्यांनंतर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळू शकते. दहा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते ८.२ टक्के देते, पण तो पैसा मुलीच्या शिक्षण-लग्नापर्यंतचाच समजावा.

साठी ओलांडलेल्यांसाठी सर्वांत चांगला पर्याय निःसंशय ज्येष्ठ नागरिक बचत योजना. दर ८.२ टक्के, मुदत पाच वर्षे, मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला. लाखावर तिमाहीला २,०५० रुपये येतात आणि खाते उघडताना जो दर असेल तो पाचही वर्षे कायम राहतो. सरकारी हमी आणि ८ टक्क्यांवर दर हे एकत्र क्वचितच सापडते, तरीही निवृत्तीची रक्कम घेऊन जास्त दराच्या शोधात फिरणारे शिक्षक आणि कर्मचारी तालुक्याच्या गावी दिसतातच. साठीच्या आतल्यांना दरमहा उत्पन्न हवे असेल तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना ७.४ टक्के देते. एकट्याच्या खात्यातल्या कमाल नऊ लाखांवर महिन्याला ५,५५० रुपये.

करासंबंधी एक समज जिल्ह्यात पक्का रुजला आहे: शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून त्या पैशावरचे व्याजही करमुक्त. तसे नाही. व्याज हे करपात्र उत्पन्नच आहे, मग मुद्दल सोयाबीनचे असो वा कापसाचे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात एका बँकेतले वर्षाचे व्याज ५० हजारांच्या वर गेले, ज्येष्ठांचे एक लाखाच्या वर, तर बँक १० टक्के कर कापते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. बहुतेक शेतकऱ्यांचे करपात्र उत्पन्न मर्यादेच्या आत असते. त्यांनी त्या वर्षासाठी १५जी किंवा ज्येष्ठांनी १५एच हा अर्ज वर्षाच्या सुरुवातीला दिला की कपात होत नाही, आणि झालीच तर विवरणपत्र भरून ती परत मिळते.

शेवटी वारसाचे नाव. ठेवीदार गेल्यावर पावती सापडत नाही, सापडली तर नामनिर्देशन नसते, आणि मग वारस दाखल्यासाठी न्यायालयात जावे लागते. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात. त्या तिथूनही परत मागता येतात, आणि शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून उद्गम नावाचे संकेतस्थळ आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला एकाऐवजी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिता येतो. अर्ज शाखेत मिळतो आणि त्याला शुल्क नाही.